चौऱ्याण्णव ऑर्नामेंट, दोन खोकी आणि पुण्याचं घर

सल्ला मागणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र थोडक्यात असं:

मैत्रीण ४२ वर्षांची, मूळची पुण्याची, गेली ११ वर्षं जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ८. मुलगी किंडरगार्टनला जायला लागली त्या वर्षी घरात पहिला ख्रिसमस ट्री आला आणि तेव्हापासून घरचा नियमच झाला, कुठेही फिरायला गेलो की तिथून ट्रीवर टांगायला एक तरी वस्तू आणायची. आज असे ९४ ऑर्नामेंट झालेत. येत्या एप्रिलमध्ये हे कुटुंब कायमचं पुण्याला परत येतंय, पहिली एक-दोन वर्षं सासरीच राहणार. नवरा म्हणतो, दहा निवड आणि बाकीचे इथल्या जुन्या बाजारात विकून टाक. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "ते झाड आपल्या हॉलमध्ये कशाला, आपला सण आहे का तो?" मुलगी म्हणाली, "सगळं इथेच ठेवायचं असेल तर मग मलाही इथेच ठेवा." शिवाय शेजारच्या ८४ वर्षांच्या आजींनी त्यांच्या आईच्या वेळचा एक काचेचा पक्षी हिला भेट दिलाय, तो देशाबाहेर न्यावा की परत करावा हेही तिला कळत नाहीये. शेवटी ती लिहिते: "ताई, मी वस्तूंमध्ये फार अडकलेय का? गेल्या वर्षी लिस्बनला दोन तास दुकानं पालथी घालून पिवळ्या ट्रामचा ऑर्नामेंट घेतला आणि त्या नादात ट्राममध्ये बसायचंच राहिलं. ९४ मधले कुठले आणू आणि कुठले सोडू?"

प्रिय मैत्रिणी,

आधी जागेचं बोलून घेऊ. ९४ ऑर्नामेंट म्हणजे नीट कागदात गुंडाळून, अंड्यांच्या ट्रेमध्ये बसवून, फार तर दोन मध्यम खोकी. तुमच्या कंटेनरमध्ये सोफा येतोय, डायनिंग टेबल येतंय, चार सायकली येतायत, हे तूच लिहिलंयस. मग दोन खोक्यांनी काय अडतंय, आणि हे तुझ्या नवऱ्यालाही कळत असणारच. तो "दहाच घे" म्हणतो तेव्हा मला वाटतं त्याला एवढंच म्हणायचंय की आता इथलं आवरतं घेऊया, तिकडे गेल्यावर सारखं मागे वळून बघणं नको, नाहीतर आपला पाय तिथे टिकायचा नाही. कदाचित त्याला स्वतःलाच त्या परतीची धाकधूक असेल. एखाद्या रात्री मुलं झोपल्यावर त्याला सरळ विचार, की तुला खोकी नकोयत की तिकडे गेल्यावर इकडची आठवण नकोय? हे बोलणं झाल्याशिवाय यादी करायला बसू नकोस, नाहीतर प्रत्येक ऑर्नामेंटवर तेच भांडण होत राहील.

आता मुलीचं. तिचं वाक्य तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस आणि लिस्बनच्या ट्रामवर मात्र दहा ओळी लिहिल्यास. मला त्या एका ओळीवरून पुढे जाता येईना. १३ वर्षांच्या मुलीने "मग मलाही इथेच ठेवा" म्हणणं हा हट्ट नाहीये गं, तिला जे म्हणायचंय ते तिने अगदी नेमकं म्हटलंय. तुझ्यासाठी पुणं म्हणजे घरी परत जाणं, पण ती दोन वर्षांची असताना तिथे आली, तिची शाळा, मैत्रिणी, जिभेवरची भाषा, सगळं तिथलं. तिच्यासाठी हे परतणं नाहीच, निघून जाणं आहे. आणि दर डिसेंबरला ती दोन खोकी उघडतात तेव्हा त्यातून तिचं अख्खं लहानपण एकेक करून बाहेर येतं. ते तुम्ही दहा-वीसमध्ये मोजायला लागलात, ते तिने ऐकलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, निवड तू करू नकोस, तिला करू दे. भाऊही सोबत बसेल, पण पहिला हात तिचा. तिने ग्लिटरने बरबटलेला, शहराचं नाव छापलेला, एअरपोर्टवर घेतलेला सगळ्यात भडक गोळा उचलला तरी "हा कशाला" म्हणायचं नाही. तिला तो का हवाय ते तिने आपणहून सांगितलं तर ऐकायचं. आणि अजून एक, तिने तिच्या चार-पाच जवळच्या मैत्रिणींना एकेक ऑर्नामेंट द्यावा, स्वतः निवडून. त्या पोरी पुढच्या डिसेंबरला तो आपापल्या घरच्या ट्रीवर लावतील, फोटो पाठवतील. म्हणजे तिचं थोडंसं तिथे खरंच राहील, आणि कुठे आणि कुणाकडे ठेवायचं हे तिने ठरवलेलं असेल. यामुळे ती लगेच खुश होईल असं मी म्हणत नाही. पुण्यातलं पहिलं वर्ष तिला जड जाणारच आहे. पण आपल्याला न विचारता सगळं झालं, ही ठसठस तरी मनात राहणार नाही.

लिस्बनचं तू इतक्या मोकळेपणाने लिहिलंस, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते. वस्तूंमध्ये अडकणं वगैरे मला यात दिसत नाही. माणूस कुठूनही येताना हातात काहीतरी घेऊन येतो, ही फार जुनी आणि फार चांगली सवय आहे. चुकलंय ते इतकंच की "प्रत्येक ट्रिपला एक" हा नियम ट्रिपपेक्षा मोठा झाला. नियम पाळायला ट्राम विकत घेतली आणि ट्राममध्ये बसायचं राहिलं. मी असते तर तो ट्रामचा ऑर्नामेंट टाकून दिला नसता हं, उलट तो नक्की आणला असता, कारण तुमच्या घरातली ही गोष्ट आता त्याच्याशीच जोडलेली आहे आणि मुलं मोठी झाल्यावर तीच सगळ्यात जास्त सांगतील. पण यापुढे नियम थोडा सैल कर. आधी फिरायचं, बघायचं, खायचं, आणि येताना खिशात जे आपसूक आलेलं असेल त्याला दोरा बांधायचा. एखादी छोटी घंटा, किल्लीला लावायचा लाकडी मासा, बाटलीचं बूच, काहीही. झाडावर टांगायच्या वस्तू काही पहिल्यापासून दुकानातून येत नव्हत्या, जर्मनीत सुरुवातीच्या काळात झाडाला सफरचंदं, अक्रोड आणि पातळ वेफर बिस्किटंच टांगायचे.

आणि तुझ्या यादीत काही फार मोलाच्या गोष्टी आहेत ज्या तू इतर सगळ्यांबरोबर एकाच दमात लिहून टाकल्यास. जर्मनीतल्या एर्झगेबिर्ग डोंगरांमधल्या झायफेन गावाला मुलाने लाकडाच्या कड्यातून घोडा निघताना पाहिला, असं तू लिहिलंयस. हे काय असतं ते इतर वाचकांसाठी सांगते. तो डोंगराळ भाग मुळात कथलाच्या खाणींचा, खाणी आटत गेल्या तसे लोक लाकूडकामाकडे वळले. तिथले कारागीर लेथवर एक जाड लाकडी कडं फिरवतात आणि आतून बाहेरून वेगवेगळ्या पटाशींनी खाचा पाडत जातात, वरून बघताना ते नुसतं नक्षीचं कडं वाटतं. मग ते कडं केकच्या स्लाइससारखं उभं कापलं, की प्रत्येक कापामध्ये घोड्याची, नाहीतर गायीची, हत्तीची आकृती तयार निघते, तिला नंतर हाताने गोलाई देतात, कान-शेपूट लावतात आणि रंगवतात. कारागिराला कापेपर्यंत आपला घोडा दिसतसुद्धा नाही, सगळा अंदाज हाताचा. तुझ्या मुलाच्या डोळ्यांसमोर तो काप पडला! तो घोडा यायलाच हवा, त्यावर मतदान नको.

तसंच काचेचं. लाउशा हे जर्मनीच्या थुरिंगिया राज्यातलं छोटं गाव, १५९७ पासून काच बनवणारं. १८४०च्या दशकात तिथे झाडासाठी काचेचे गोळे फुंकायला सुरुवात झाली आणि १८८० च्या सुमाराला अमेरिकन दुकानदार वुलवर्थने ते मागवायला सुरुवात केल्यावर जगभर पसरले. काचेची नळी ज्योतीवर धरून फुंकायची, थंड झाल्यावर आतून चांदीच्या क्षाराचं द्रावण फिरवायचं म्हणजे आरशासारखी चमक येते, मग वरून रंग. तू पोनिकलाहून आणलेला मण्यांचा तारा पण असाच, चेक रिपब्लिकमधल्या त्या गावात फुंकलेले बारीक काचमणी तारेत ओवून झाडाच्या सजावटीच्या वस्तू करतात आणि २०२० साली युनेस्कोने त्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. या वस्तू जिथल्या आहेत तिथेच बनतात. त्याउलट शहराचं नाव छापलेले गोळे सगळीकडे सारखेच, फक्त नाव बदलतं. म्हणून निवड करताना मुलांना दोनच प्रश्न विचारायला सांग: ही वस्तू त्याच जागी घडलीये का, आणि हिच्याबद्दल आपल्याला काही सांगता येतं का. दोन्हीपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर आणा. दोन्हीला नाही असेल तर ती कुणाला तरी देऊन टाका, विकण्यापेक्षा द्या, किंडरगार्टनला द्या, तिथल्या झाडावर चांगली दिसतील.

माझ्या आजीकडे एक पत्र्याची ट्रंक होती, चैत्रगौरीच्या आरासीची. वर्षभर माळ्यावर, आणि चैत्रात खाली. त्यात सावंतवाडीची लाकडी फळं, देठ तुटलेला एक आंबा, सेल्युलॉइडची बाहुली, आणि काचेचा एक पांढरा हंस, मानेत निळी रेघ असलेला. आजी तो दरवर्षी स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, आणि पुसताना दरवर्षी म्हणायची, "हा कराचीहून आलाय, धाकट्या भाऊजींनी आणलेला, फाळणीच्या आधी." आम्हाला ते पाठ होतं, आम्ही तिच्याआधी म्हणायचो. त्याच ट्रंकेत छत्री घेतलेली एक चिनी मातीची बाईपण आहे. तिच्याबद्दल आजी काय सांगायची ते आम्हा भावंडांपैकी कुणालाच आठवत नाही. आज ती ट्रंक माझ्याकडे आहे, हंस काढला की मला आजीचा आवाज ऐकू येतो आणि ती बाई काढली की नुसती बाई दिसते. मला याचं अजून वाईट वाटतं. म्हणून सांगते, खोकी भरण्याआधी एक वही कर. प्रत्येक ऑर्नामेंटला एक छोटी चिठ्ठी दोऱ्याने बांध, तिच्यावर नंबर, आणि वहीत त्या नंबरासमोर दोन-तीन ओळी, कुठे, कधी, त्या दिवशी काय झालं. पाऊस होता, मुलगा हरवला होता, सूप फार खारट होतं, असलं. मराठीतच लिहायचं असं नाही, मुलीला जर्मनमध्ये लिहायचं असेल तर लिहू दे.

आणि ही ट्रंक मला आठवली ती सासूबाईंमुळे. त्यांचं म्हणणं तू फार मनाला लावून घेतलंयस. आधी दोन गोष्टी लक्षात घे. एक, घर त्यांचं आहे आणि निदान पहिल्या वर्षी हॉलमध्ये काय लागणार हे त्या ठरवणार, यात त्यांचं काही चुकत नाही. दुसरी, "आपला सण नाही" हे घरापुरतं म्हणायचं असेल तर ठीक, पण मराठीला तो सण परका नाही. नाताळ हा शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेऊन किती पिढ्या वापरतोय, आणि वसईत, नगरला, पुण्याच्या कॅम्पात, गोव्यात मराठी-कोंकणी बोलणारी कितीतरी घरं तो मनापासून करतात, त्यांच्या घरी झाडाहून जास्त मान येशूजन्माच्या देखाव्याचा, म्हणजे गोठ्याचा असतो, पोरं आठवडाभर खपून तो करतात. त्यांच्यासाठी ती श्रद्धा आहे. तुमच्यासाठी ते झाड कुटुंबाच्या प्रवासांचं झाड आहे, हा फरक तू स्वतःशी नीट मान्य कर आणि सासूबाईंनाही सांग. मला वाटतं त्यांना हाच फरक कुणी सांगितलेला नाहीये.

कसं सांगायचं? त्यांच्या देवघरात बघ. काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू असेल, पंढरपूरची तुळशीमाळ असेल, कुठल्या तरी यात्रेतून आणलेला एखादा शंख. काशीयात्रा करून आलं की गडूची पूजा करून मावंदं घालायची आपल्याकडे रीत आहे, नातेवाईक जेवायला येतात आणि यात्रेच्या गोष्टी ऐकतात. प्रवासातून काहीतरी आणायचं, जपायचं, आणि चार माणसांना बसवून सांगायचं, हे त्या आयुष्यभर करत आल्यात. तू त्यांना त्यांच्या गडूबद्दल विचार, तो कधी आणला, सोबत कोण होतं. मग तुझं खोकं उघड.

तुम्ही एप्रिलमध्ये येताय, तेव्हा चैत्रगौर बसलेली असेल किंवा अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीतरी घरी हळदीकुंकू असेल. आरासीत घरातल्या सगळ्या सुंदर वस्तू मांडायच्या असतात, खेळणी, बाहुल्या, कुणी कुठून आणलेलं काही. सासूबाईंना विचार की यातल्या पाच-सहा गोष्टी मांडू का, तो झायफेनचा घोडा, तो मण्यांचा तारा. विचारून, सगळं स्पष्ट सांगून, की या आम्ही नाताळच्या झाडावर लावायचो. गौरीच्या नावाखाली गुपचूप ख्रिसमस आत आणायचा असं काही मी सुचवत नाहीये, तसं केलंस तर त्यांना ते नंतर कळेल आणि वाईट वाटेल. त्या नाही म्हणाल्या तर नाही. पण आंब्याची डाळ नि पन्हं घ्यायला आलेल्या बायका "अगंबाई, हे कुठलं?" असं विचारायला लागल्या आणि तुझी मुलगी उत्तर द्यायला पुढे झाली, तर त्या घरात तिची जागा थोडीतरी तयार होईल. सामान मागाहून समुद्राने येणार, म्हणून या पाच-सहा वस्तू हातातल्या बॅगेतच आणा.

डिसेंबरचं डिसेंबरला बघू. पुण्यातल्या नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून जे मिळतं ते बहुतेक अरॉकेरिया असतं, दिसायला देखणं पण फांद्या लवचीक आणि विरळ, जड काच टांगली की वाकतात. मुलांच्या खोलीत एखादी वाळकी फांदी मातीच्या कुंडीत वाळू घालून रोवा, तेवढं पुष्कळ. जर्मनीत ईस्टरला फांद्यांना रंगवलेली अंडी टांगतात ती तुम्ही पाहिलीच असतील, त्यामुळे मुलांना फांदी ओळखीचीच. आणि त्या फांदीवर पुढे महाराष्ट्रातल्या, भारतातल्या ट्रिपांचंही लागू दे. श्रीनगरचे कारागीर कागदाच्या लगद्याचे इतके सुंदर रंगवलेले गोळे करतात की ते परदेशी ख्रिसमससाठी कधीचे जातायत, चन्नपट्टणची लाखेची खेळणी आहेत, सावंतवाडीची फळं आहेत, कोल्हापुरी चपलेचा बोटभर जोड किल्लीला लावायला मिळतो तोही चालेल. मुलांना इथेही फिरवा गं, लवकर फिरवा, पहिल्या दिवाळीच्या सुट्टीतच.

पॅकिंगचं पटकन सांगते. आतून चांदी चढवलेली काच दमट हवेत काळवंडते, म्हणून पुण्यात पावसाळ्याआधी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव, आणि डबा गच्चीखालच्या तापणाऱ्या माळ्यावर नको, कपाटात खाली. गुंडाळायला साधा पांढरा टिश्यू पेपर, वर्तमानपत्राची शाई लागते आणि बबल रॅप उष्णतेत रंगाला चिकटतो. रंगवलेली जुनी काच पाण्याने कधीच धुवायची नाही, मऊ ब्रशने धूळ काढायची. मुलांनी किंडरगार्टनमध्ये केलेल्या मिठाच्या कणकेच्या वस्तू ओल शोषून घेतात, त्या वेगळ्या डब्यात. जिंजरब्रेडच्या खऱ्या हृदयांचा फोटो काढ आणि ती तिथेच सोड, आपल्याकडे मुंग्या लागतील. पाइनची कच्ची बोंडं, वाळकी पानं, साली असलं काही सामानात घालू नकोस, कस्टम्सला उगाच अडकेल. पाणी भरलेला स्नो ग्लोब १०० मिलिलिटरच्या वर असेल तर बहुतेक विमानतळांवर केबिन बॅगेत चालत नाही. सामानाच्या यादीत सगळं "वापरलेलं घरगुती सामान" म्हणून नीट लिही.

राहिला तो पक्षी. तू फोटो पाठवलास म्हणून मला बघता आला. फांदीला लावायच्या चिमट्यावर बसलेला, पोटाचा रंग उडालेला, आणि शेपटीला काचेच्या केसासारख्या तंतूंचा झुबका. हे काचतंतू बोटांत कुसळासारखे शिरतात आणि एकदा मोडले की परत लावता येत नाहीत, म्हणून याला कागदात अजिबात गुंडाळू नकोस. एका छोट्या खोक्याच्या तळाला पुठ्ठ्याची पट्टी बसव, त्या पट्टीला चिमटा लाव, म्हणजे शेपटी हवेत राहील, कशालाच टेकणार नाही, आणि हे खोकं विमानात तुझ्या मांडीवर.

पण नेण्याआधी. तू मनातल्या मनात ठरवते आहेस की तो परत केला तर आजींना बरं वाटेल, किंवा नेला तर वाईट वाटेल. हे तू त्यांच्या वतीने का ठरवतेस? ८४ वर्षांच्या बाईने आईची वस्तू शेजारणीला दिली, ती शेजारीण एक दिवस तिच्या देशात परत जाणार हे त्यांना तेव्हाही माहीत असेलच की. न विचारता परत केलास तर त्यांची भेट नाकारल्यासारखं होईल. रविवारी दुपारी कॉफी-केकच्या वेळेला जा, मुलीला घेऊन जा, कारण त्यांच्याशी गप्पा मारण्याइतकं जर्मन तिचंच सगळ्यात चांगलं आहे. त्यांना सांग की आम्ही एप्रिलमध्ये निघतोय आणि पक्षी आमच्याबरोबर पुण्याला आला तर तुम्हाला चालेल का. त्या हो म्हणाल्या तर विचार की तुमची आई तो झाडावर कुठे लावायची, वर की खाली, आणि तो तिच्याकडे कुठून आला. फोनवर रेकॉर्ड करायची परवानगी माग. वहीतलं पहिलं पान त्यांचं ठेव, मुलीच्या अक्षरात, जर्मनमध्येच.

तुझी,
ताई